एका वर्षाचा ताईत

माझं जपानला जाणं एका छोट्या कापडी पिशवीमुळे ठरलं. कॉलेजच्या मुलाखतीत मी भाषा आणि संस्कृती असं बरंच काही बोलले होते. ते खोटं नव्हतं. पण घरातून परवानगी मिळाली ती पिशवीमुळे.

पिशवी दोन बोटांएवढी होती. निळं रेशमी कापड, वर सोनेरी दोऱ्याने काढलेली चार अक्षरं, आणि तोंडाशी पांढऱ्या दोरीची गाठ. बाबांना ती त्यांच्या जपानी साहेबांनी दिली होती. बाबा कतारमध्ये, अल खोरकडे, स्टेडियमच्या कामावर होते. लोखंडी पाइप एकमेकांना जोडून माणसांना वर चढायला जे मचाण बांधतात, त्या स्कॅफोल्डिंगच्या टोळीचे ते फोरमन. दहावीनंतर आयटीआय, मग मुंबई, मग कतार, असं करत ते इथवर आले होते. जपानी साहेब मायदेशी परत निघाले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी ती पिशवी बाबांच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, सेफ्टी, डोन्ट ओपन. त्या दोघांमध्ये इंग्रजी एवढंच होतं.

आईला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. "ताईत आहे," ती म्हणाली. "ताईत उघडत नाहीत." दोह्याच्या अल नस्र भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या एका कपाटात आमचं देवघर होतं. रोज संध्याकाळी बाबा कामावरून आले की पिशवी तिथे जायची, पहाटे कंपनीची बस यायच्या आधी परत त्यांच्या शर्टाच्या खिशात. आई पूजा करताना देवांसोबत तिलाही हळदकुंकू वाहायची. तीन वर्षांत त्या निळ्या रेशमाचा एक कोपरा पार तांबडा झाला होता.

मी आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिली. दोह्यात त्या दिवसांत जिकडेतिकडे खोदकाम चालू होतं. फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेला तीन वर्षं होती. कॉलेजला जाणारा रस्ता दर आठवड्याला नव्या वळणाने जायचा. मेट्रो नुकती सुरू झाली होती, आणि स्टेशनात शिरलं की जमिनीखाली एवढं सगळं कधी झालं असा प्रश्न मला रोज पडायचा. कॉलेजात एक जपानी मंडळ होतं. तिथे एका इंजिनिअरच्या पत्नी आठवड्यातून एकदा भाषा शिकवायला यायच्या. त्यांना आम्ही सेन्से म्हणायचो, म्हणजे बाई. मंडळात मी का गेले ते मला नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या पिशवीवरची अक्षरं वाचता यावीत म्हणून. दोन महिन्यांत मला ती वाचता आली. 'कामावरची सुरक्षा' असं लिहिलं होतं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ते मला माहितीच होतं की."

त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुट्टीत मंडळातल्या सहा जणांना कॉलेज जपानला नेणार असं ठरलं. टोकियो वगैरे नाही, एक छोटं शहर, जिथे सेन्सेंचं माहेर होतं. एक जुना किल्ला, तिथल्या जुन्या शिंतो धर्माची बरीच देवळं, आणि तिथल्या एका कॉलेजात आमची राहायची सोय. माझी निवड झाली. मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी आधी ते शहर किती लांब आहे ते विचारलं. मग म्हणाले, एकटी पोरगी, एवढ्या लांब, शिवाय थंडी. नाही म्हणाले नाहीत, पण मला उत्तर कळलं. मी विषय पुन्हा काढला नाही. हट्ट करायची आमच्याकडे सवय नाही.

मग एका संध्याकाळी बाबा घरी आले ते पिशवी हातात घेऊनच. साइटवर एक नवा जपानी इंजिनिअर आला होता. बाबांच्या खिशातून डोकावणारी दोरी बघून त्याने कौतुकाने विचारलं, किती वर्षं झाली? बाबांनी तीन सांगितली. तो हसला आणि म्हणाला, हे एका वर्षासाठी असतं, मग देवळात परत द्यायचं आणि नवं घ्यायचं.

बाबांनी पिशवी देवघरात ठेवली आणि ते जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती तिथेच राहिली. आईने मागून आवाज दिला तर म्हणाले, असू दे. त्या आठवड्यात छताच्या कड्याचं काम सुरू होणार होतं, म्हणजे आजवरच्या सगळ्यात उंच जागेवर चढायचं होतं. ते आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे बाबांनाही माहीत होतं. त्या रात्री भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी मला विचारलं, तुमच्या त्या गावात देवळं आहेत ना.

"आहेत, बाबा. पुष्कळ आहेत."

"मग जाऊन ये. ही परत दे आणि नवी आण."

सेन्सेंना विचारलं, ज्या देवळातली वस्तू त्याच देवळात द्यावी लागते का? त्या म्हणाल्या, तसं करावं हे बरं, पण दुसरीकडेही बहुतेक ठिकाणी घेतात. परत आलेली सगळी मग जाळतात. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई पोळी लाटत होती. तिचा हात थांबला.

"देवघरातली वस्तू कुणी जाळायला देतं का?"

आमच्याकडे जुने फोटो, भंगलेली मूर्ती, निर्माल्य सगळं पाण्यात जातं. दोह्यात नदी नाही. त्यामुळे आई गणपतीचं विसर्जन बादलीत करते, आणि ते पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना घालते. तुळशीला नाही, बाकीच्यांना. तिने मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, तिकडे वाहतं पाणी बघ, फूल वाहा, नमस्कार कर आणि सोड. नवी खुशाल आण, पण जुनी जाळायला देऊ नकोस. बाबांना हे सांगायची गरज नाही.

अशी मी दोघांची दोन कामं घेऊन विमानात बसले. पिशवी एका हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये होती. आणि बाबा तिकडे रोज खिशात काही न घेता वर चढत होते. हे माझ्या मनातून जात नव्हतं.

शहर खरंच छोटं होतं. स्टेशनवरून निघालेला मोठा रस्ता सरळ किल्ल्याकडे जायचा. दुकानं लवकर बंद व्हायची, रस्त्यावर आवाज नव्हता. आमच्यात एक कतारी मुलगी होती, माझ्याच खोलीत राहायची. पहिल्या सकाळी ती खिडकीतून बघत म्हणाली की इथे एकही क्रेन दिसत नाही. मी पण बघितलं. खरंच नव्हती. आम्हा दोघींना ते विचित्र वाटलं. आम्ही मोठ्या झालो तेव्हापासून आमच्या आकाशात क्रेन होत्याच.

पहिलं देऊळ किल्ल्याच्या वाटेवरच लागलं. आत जाण्याआधी दगडाच्या एका कुंडात पाणी पडत होतं आणि त्यावर बांबूच्या पळ्या आडव्या मांडल्या होत्या. मी ओळीत पहिली होते. पळीने उजव्या तळहातावर पाणी घेतलं, प्यायले, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मागे वळले तर सगळे माझ्याकडे बघत होते. सेन्सेंनी दुसरी पळी घेतली. डावा हात धुतला, उजवा धुतला, तळहातावर पाणी घेऊन चूळ भरली आणि ती बाजूला खाली सोडली, मग पळी उभी धरून तिचा दांडासुद्धा धुतला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. माझं पोट दुखेल का, असं कतारी मैत्रिणीने गंभीरपणे विचारलं. दुखलं नाही.

आत दोरीला बांधलेली मोठी घंटा होती. ती वाजवताना मला एकदम बरं वाटलं, निदान हे तरी मला येतं. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं, हे सेन्सेंनी शिकवलं होतं. पण ते झाल्यावर माझे पाय आपोआप डावीकडे वळले आणि मी प्रदक्षिणेला निघाले. मागच्या बाजूला गेले तर तिथे एक सायकल, दोन झाडू आणि पाण्याचा नळ. पलीकडे वाट बंद होती. मी आले तशी परत आले. समोरच उभी असलेली एक लहान मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने फुलाफुलांचा किमोनो घातला होता आणि तिच्या हातात तिच्या गुडघ्यापर्यंत येणारी कागदी थैली होती. सेन्से म्हणाल्या, या महिन्यात तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना देवाच्या पाया पडायला आणतात, इथवर सुखरूप वाढलं म्हणून. थैलीत कांडीसारखी लांब गोड गोळी असते, आयुष्य लांब व्हावं म्हणून. त्या मुलीचे वडील पुढे झाले, तिच्या पायातली चप्पल नीट केली आणि फोटो काढायला पुन्हा मागे सरकले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

माझी मैत्रीण देवळात येत नसे. ती बाहेरच्या लाकडी कमानीपाशी आम्हा सगळ्यांच्या बॅगा सांभाळत उभी राहायची. तिने मला विचारलं की तुमच्याकडेही असंच असतं का. मी म्हटलं, असंच असतं, आणि असं अजिबात नसतं. ती म्हणाली, यल्ला, चल, एक काहीतरी सांग. पण मला त्याहून चांगलं उत्तर आजही सापडलेलं नाही.

किल्ला काळ्या लाकडाचा आणि पांढऱ्या भिंतींचा होता. आत बूट काढून पिशवीत घालायचे आणि मोज्यांवर चढायचं. जिने इतके उभे की पुढच्या माणसाच्या टाचा आपल्या नाकासमोर. मी लहानपणी, दोह्याला यायच्या आधी, शाळेच्या सहलीत आपले किल्ले पाहिले होते, पण ते डोंगराला धरून असतात. हा सपाट गावाच्या मध्ये पाण्याचा खंदक घालून बसला होता. दगडी तटात चुना नव्हता, एका दगडाच्या खाचेत दुसरा बसवलेला. एका कोपऱ्यातल्या बुरुजाची दुरुस्ती चालू होती आणि त्याच्याभोवती स्कॅफोल्डिंग उभं होतं. मी किल्ल्याचे फोटो थोडेच काढले. त्या स्कॅफोल्डिंगचे खूप काढले आणि बाबांना पाठवले. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा व्हॉइस मेसेज आला. काम चांगलं आहे, पाइपच्या टोकांना रबर लावलंय ते बघ, जाळी किती ताणून बांधलीय ते बघ, खालून जाणाऱ्याच्या डोक्यात काही पडणार नाही. मग जरा थांबून म्हणाले, पिशवी दिलीस का?

ती मी तोवर दिली नव्हती. तीन देवळं झाली होती. प्रत्येक ठिकाणी पर्सच्या आत माझा हात रुमालापर्यंत जाऊन परत येत होता. बाबांचं ऐकलं तर आईला काय सांगू, आणि आईचं ऐकलं तर बाबांना काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला मोकळा वेळ दिला. किल्ल्याच्या आवारात फुलांचं प्रदर्शन होतं, आणि सगळी फुलं एकाच जातीची, शेवंतीची. पिवळी, पांढरी, तांबूस, एकेक फूल थाळीएवढं, काहींच्या पाकळ्या तारेच्या गोल चौकटीवर टेकवलेल्या. दोह्यात आई शेवंतीसाठी मंडईत दोन दोन फेऱ्या मारते, आणि इथे तिचं संमेलन भरलं होतं. मला वाटलं, ही खूणच आहे. एका कुंडीखाली गळून पडलेलं छोटं पिवळं फूल होतं, ते मी उचललं आणि खंदकाच्या कडेला गेले.

पाणी वाहतं नव्हतं. पण मी ते जास्त तपासलं नाही. एका जागी दगडाच्या पायऱ्या पाण्यापर्यंत उतरत होत्या, तिथे बसले. रुमाल सोडला. नमस्कार केला आणि आधी फूल सोडलं. ते जरा तरंगलं, आणि खालून एक मोठा तांबडा मासा आला, त्याने तोंड उघडून फूल आत घेतलं, आणि लगेच थुंकून टाकलं. मग दुसरा आला. त्यानेही तेच केलं. थोड्या वेळात माझ्या पायाशी दहा-बारा तोंडं उघडझाप करत होती. मी हातात पिशवी धरून बसले होते. आता ही सोडली तर हे काय करतील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मागून कुणीतरी घाईने बोललं. हिरवं जाकीट घातलेले एक आजोबा होते, दंडावर पट्टी. किल्ला दाखवायला असे स्वयंसेवक तिथे फिरत असतात. ते दोन्ही हात हलवत होते. मी माशांना काहीतरी खायला घालते आहे असं त्यांना वाटलं असावं. मी उभी राहिले आणि पिशवी त्यांच्यापुढे धरली. माझं जपानी तेव्हा अगदी कच्चं होतं. जेवढे शब्द आठवले तेवढे जोडले. वडील. काम. उंच. जुनं. आभार. पाणी.

आजोबांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. चष्मा वर करून अक्षरं वाचली. मग तांबड्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि तिचा वास घेतला. उदबत्तीचा येत असणार. पिशवी माझ्या हातात परत दिली आणि चल अशी खूण करून पुढे चालायला लागले. मध्ये एकदा मागे वळून माशांकडे बोट दाखवलं आणि पोटावर हात फिरवून डोकं हलवलं. म्हणजे त्यांना भूक नाही, किंवा त्यांचं पोट बिघडेल. दोन्हीपैकी काय ते मला कळलं नाही.

खंदकाच्या पलीकडच्या देवळात एका बाजूला छप्पर असलेली लाकडी पेटी होती. आत डोकावले तर तशाच कितीतरी पिशव्या, लाल, पांढऱ्या, जांभळ्या, काही विटलेल्या, एकीला गाडीची किल्ली अडकवायची कडी. आजोबांनी पेटीकडे हात केला आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. मी पुढे झाले. हात पेटीवर नेला. आणि मला मूठ उघडता येईना.

किती वेळ गेला माहीत नाही. सेन्से मला शोधत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, आईचंसुद्धा. त्यांनी विचारलं, आई आत्ता घरी असतील का? दोह्यात सकाळचे नऊ वाजले होते. मी फोन लावला.

आईने आधी विचारलं जेवलीस का. मग मी सांगितलं की पाण्यात मासे आहेत, सोडता येत नाही, आणि आता पेटीसमोर उभी आहे. बाबा वर चढले असतील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, सात वाजताच चढले. मग तिने सेन्सेंना विचारायला सांगितलं, जाळताना कोण असतं? मी विचारून सांगितलं. पुजारी असतात. कुठे जाळतात? देवळाच्या अंगणात, नव्या वर्षाच्या सुरुवातीला. लोक येतात का? येतात, हात जोडून उभे राहतात.

"काही म्हणतात का ते? का नुसतंच पेटवतात?"

सेन्से म्हणाल्या, मंत्र म्हणतात, त्या वस्तूने वर्षभर सांभाळलं म्हणून तिचे आभार मानतात.

फोनवर कुकरची शिट्टी ऐकू आली. आई म्हणाली, "म्हणजे होमच आहे की. मग आधी नाही का सांगायचं? दे."

"बाबांना काय सांगू?"

"त्यांना काय सांगायचंय? त्यांचंच तर काम केलंस. आणि हे बघ, सोडताना एकदा कपाळाला लाव."

मी पिशवी कपाळाला लावली आणि पेटीत ठेवली. टाकली नाही, हात आत घालून ठेवली, तांबडा कोपरा वर राहील अशी. आजोबा वाकले. मीही वाकले. मग ते घड्याळ बघून घाईने परत किल्ल्याकडे गेले. त्यांचे आभार मानायला मला एकच शब्द येत होता, तो मी त्यांच्या पाठीमागून दोनदा म्हटला.

नवी पिशवी तिथेच घेतली. पांढरा झगा आणि लाल घागरा घातलेल्या, माझ्याच वयाच्या मुलीने ती कागदी पाकिटात घालून दोन्ही हातांनी दिली. हिरवी होती. निळी मिळाली नाही.

घरी पोचले त्या दिवशी शुक्रवार होता, बाबांना सुट्टी. त्यांनी हात धुतले, मग पाकीट उघडलं. अक्षरांवरून बोट फिरवून मला वाचायला सांगितलं. तीच होती, कामावरची सुरक्षा. आई कुंकवाचा करंडा घेऊन आलीच होती.

"अगं, नवी आहे, डाग पडेल."

"पडू दे. त्यांना वास घेऊन कळलं पाहिजे कुठून आलीय ते."

आजोबांची हकिकत मी तिला फोनवर सांगितली होती. तिला ती फार आवडली होती.

बाबांनी दारामागे टांगलेला कामावरचा शर्ट काढला आणि पिशवी ठेवायला खिशात बोटं घातली. बोटं अडकली. त्यांनी खिसा उलटा केला तर आतून लाल चिंधीत बांधलेलं काहीतरी बाहेर आलं. चिंधी सोडली. सुपारी होती. आमच्या देवघरात गणपती म्हणून पूजतात ती. मी जाण्याआधीपासून ती तिच्या जागेवर नव्हती, आणि ते बाबांच्या किंवा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाबांनी आईकडे बघितलं. "तरीच म्हटलं, इतके दिवस छातीला काय टोचतंय."

"आता आली ना तुमची हिरवी," आई म्हणाली आणि सुपारीसाठी हात पुढे केला. "द्या तिला खाली. दमली असेल."

बाबांनी सुपारी दिली नाही. चिंधी पुन्हा तशीच बांधली, खिशात घातली, आणि तिच्या शेजारी पिशवी ठेवून खिशाचं बटण लावलं. मग शर्ट खुंटीला अडकवत मला विचारलं, ही पण एकाच वर्षाची का? मी हो म्हटलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. स्पर्धेपर्यंतची वर्षं असावीत.

"म्हणजे तुला अजून दोनदा जावं लागणार," ते म्हणाले.